रडारने सांगितलेला वारा

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. एकतर घरातली गोष्ट, आणि तीत मी काही फार शहाणा दिसत नाही. शेवटी रडारच म्हणाला, "लिहून टाक बाबा. नाहीतरी तुझ्या पोटात काही राहत नाही, चारचौघांत भलतंच बरळशील."

रडार म्हणजे माझा मित्र. आधी मित्र, नंतर ताईचा नवरा. म्हणजे नात्याने दाजी, पण दाजी मी त्याला फक्त चिडलो की म्हणतो. एका बेकरीची व्हॅन चालवतो. रडार हे नाव आमच्या ग्रुपने ठेवलं. ढगाआड नुसती घरघर आली की हा सांगणार, दोन इंजिनांचं आहे की चार, मालवाहू आहे की लढाऊ. चुकत नाही.

आम्ही लष्करी विमानांचे फोटो काढतो. हौस. मी फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला आहे, कॅमेरा व्हिडिओ बघून बघून शिकलो. ह्या हौसेत मान कमी, संशयच जास्त. मोठी लेन्स घेऊन रस्त्यावर उभं राहिलं की जो तो डोळे बारीक करून बघतो. एकदा एका काकूंनी गच्चीवरून ओरडून विचारलं, "काय रे, कुणाच्या खिडकीत बघतोयस?" म्हटलं, काकू, विमान बघतोय. म्हणाल्या, "हो का! आणि मी पायलट."

सारखं संशयाने बघून घेतलं की आपल्यालाही तसंच बघायची सवय लागते बहुतेक.

तर, म्हातारी. समुद्रावर गस्त घालणारं चार पंख्यांचं जुनं विमान. त्या जातीतलं उडणारं एवढं एकच उरलं होतं. दुरुस्तीला आमच्या इथल्या तळावर यायचं, पण कधी येणार ते कोण सांगणार? आली तेव्हा मी एकदा तापाने झोपलेलो, एकदा ऐन वेळी कॅमेऱ्याने मान टाकली. एकदा तर सगळं जमलं आणि समोर ट्रक येऊन उभा राहिला. माझ्याकडे तिचा एकही फोटो नव्हता. आणि ह्या वेळी बातमी पक्की होती: शेवटची खेप. चार-दोन चाचणी उड्डाणं, मग इथून जाणार ती थेट मोडीत. आत्ता नाही तर कधीच नाही.

आता एक समजून घ्या. विमान वाऱ्याला तोंड देऊन उठतं. आमच्या धावपट्टीला एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला दगडाची खाण. टाकीकडून वारा असेल तर विमान टाकीवरून जाणार, खाणीकडून असेल तर खाणीवरून. मधला रस्ता वळसा घालून जातो, त्यामुळे चुकीच्या टोकाला उभे राहिलात की संपलं, पाठ बघत बसा. वारा कळायला तळाच्या मधोमध खांबाला नारंगी कापडी पिशवी लावलेली असते. वाऱ्याने फुगते. कुंपणापाशी थांबून ती बघायची आणि टोक सांगायचं, हे काम पहिल्यापासून रडारचं. त्याने सांगायचं, आपण जायचं. मी कधी मान वर करून पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिलं चाचणी उड्डाण. रडार म्हणाला, टाकी. म्हातारी गेली खाणीवरून.

"वारा फिरला असेल," रडार म्हणाला.

दुसरं उड्डाण. रडार म्हणाला, खाण. गेली टाकीवरून.

आणि दोन्ही वेळा संध्याकाळी ग्रुपवर सूटवाल्याने काढलेला फोटो. हा सूटवाला विम्याच्या ऑफिसातून तसाच कोट घालून येतो, कुणाशी धड बोलत नाही. फोटो मात्र असा की पंख्याचं एकेक पातं मोजून घ्या. खाली सगळ्यांचे नमस्कार, टाळ्या. मीही टाळी टाकली.

मग मला एकेक दिसायला लागलं. रडार हल्ली त्याच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन मला दाखवत नाही, मी जवळ गेलो की बंद करतो. काढलेले फोटो "फालतू आलेत" म्हणून पुसतो. मेसेज आला की फोन माझ्याकडे देतो, "वाच रे, हात भरलेत," पण कधी कधी फोन घेऊन लांब जातो आणि कुजबुजत बोलतो. व्हॅनचा आरसा फुटलेला. विचारलं तर म्हणे कुणीतरी ठोकून गेलं. संध्याकाळची फेरीही सोडली होती. ताईला सांगितलं, मालकाने कमी केली. मला बेकरीतला पोरगा म्हणाला, यानेच सोडली.

मग संध्याकाळी हा जातो कुठे?

मी सापळा लावला. रडारला म्हटलं, "फक्त तुला सांगतो, उद्या सकाळी उडणार आहे. एकाने आतून सांगितलंय." सगळं खोटं. सकाळी मी एकटाच तळावर गेलो. कुंपणाशी सूटवाला, तिवई लावून, कोटाची बटणं लावून उभा.

घरी आलो तर माहेरी आलेल्या ताईने विचारलं, "तोंड का असं? विमानाने टाकलं का तुला?" म्हटलं, काही नाही. काय सांगणार? तुझा नवरा मला विकतोय? आणि कशासाठी, एका फोटोसाठी?

मग तो दिवस आला. म्हातारी कायमची जाणार. रडार व्हॅन घेऊन दारात. "तू चालव. माझी मान धरलीय."

मान धरलीय! फोनवर बोलायला हात मोकळे हवेत, दुसरं काय. गाडी मी चालवली. रस्ताभर मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, तो मात्र बडबडत होता, म्हातारीची इंजिनं कशी खर्जात लागतात वगैरे.

कुंपणापाशी थांबलो. तो उतरला, बाजूला गेला, पाठ करून फोनवर काहीतरी पुटपुटला. परत आला. डोळ्यांवर हात धरून तळाकडे बघितलं, नेहमीसारखं.

"टाकी," म्हणाला. "पिशवी बघ कशी मस्त फुगलीय."

ह्या वेळी मी बघितलं.

पिशवी नव्हतीच. नुसता खांब होता. दोन माणसं शिडी धरून उभी होती आणि जुनी पिशवी खाली जीपच्या टपावर गुंडाळून ठेवलेली होती. नवी लावायची असणार.

माझं डोकंच फिरलं. "वा दाजी, वा! निदान खोटं बोलताना तरी एकदा बघायचं! कुठली पिशवी? दाखव ना. बोट करून दाखव."

त्याने बोट केलं. चुकीच्या जागी. खांबाच्या बऱ्याच बाजूला, टॉवरकडे.

मी पुढची शिवी तोंडात घेऊन तसाच उभा राहिलो. लबाड माणसाने आधी बघून घेतलं असतं. ह्याने तर माझ्यासमोर डोळ्यांवर हात धरून बघितलं होतं. दिसतच नव्हतं त्याला काही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मधोमध धुकं येतं," तो म्हणाला. "कडेचं दिसतं. सरळ बघितलं की नाही. आधी थोडं होतं." मग म्हणाला, "दाजी म्हणू नकोस रे असं."

"आणि सूटवाला?"

"त्याला विचारायचो, पिशवी कुठे फुगलीय. तुला कसं विचारणार? तू तिथल्या तिथे ओळखलं असतंस आणि रात्रीच्या आत ताईला सांगितलं असतंस. तुझी ती सकाळची बातमीपण दिली मी त्याला. सारखं फुकट विचारायचं म्हणजे..."

"त्याने तुला उलटं सांगितलं. प्रत्येक वेळी."

"हो ना. मला वाटलं मलाच कळत नाहीये नीट." आणि हसला. मला नाही हसू आलं.

मी खालची माती मूठभर उचलून वर उडवली. धूळ टाकीच्या दिशेला गेली. म्हणजे वारा खाणीकडून. तेवढ्यात आत इंजिनं सुरू झाली, एकामागून एक. खाणीला जायला वेळ उरला नव्हता. मी कॅमेरा बाहेरच काढला नाही. ती धावली, उठली, आमच्यापासून लांब लांब गेली. एक ठिपका. मग तोही नाही.

"गेली," मी म्हटलं.

"थांब." रडारने मान तिरकी केली. "थांब थांब. वळतेय."

"कुठे वळतेय? काहीच नाहीये."

"आवाज ऐक ना, गधड्या! तळाला सलाम करायला परत येतेय. डावीकडून, खाली. काढ कॅमेरा!"

बॅगेची चेन अडकली. ती ओढून तोडली. टोपण कुठे पडलं देव जाणे. आणि झाडांच्या वरून म्हातारी आली, इतकी खाली की पोटाखालचे गंजाचे ओघळ दिसले. मी बटण दाबलं ते सोडलंच नाही. आमच्या डोक्यावर तिने एक पंख खाली झुकवला आणि गेली.

बरेच फोटो हललेले आले. एक नाही हलला.

"आला?" रडारने विचारलं.

"आला."

"कसा आलाय सांग."

सांगितलं. पंख झुकलेला, खिडकीत कुणीतरी हात केलेला, एका इंजिनामागे काळा पट्टा. तो मध्ये मध्ये विचारत होता, चाकं आत घेतलेली का, शेपटीवरचा रंग उडालाय का. मी फोटो मोठा करून करून सांगत होतो. समोर खांबावर नवी पिशवी चढत होती.

मग आम्ही व्हॅनमध्ये बसलो. मी स्टेअरिंगला. किल्ली फिरवली नाही.

"आरसा तूच फोडलास," मी म्हटलं.

"गेटच्या खांबाला घासला. कुणाला लागलं नाही. म्हणून तर संध्याकाळची फेरी सोडली, अंधारात अजिबातच दिसत नाही."

"आणि मागच्या रविवारी ताई आणि तुमचं पिल्लू ह्याच गाडीत होते."

तो बाहेर बघत राहिला. कडेने बघत असणार. "काम जाईल रे," म्हणाला. "गाडीशिवाय मला येतं काय? तिला सांगू नकोस. थोडे दिवस."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "तूच सांगणार, आज, जेवायच्या आधी. मी शेजारी बसेन. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोघं जाऊ, मी सुट्टी टाकतो. बेकरीच्या मालकाशीही मी बोलतो, भट्टीवर काम असतंच. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत तू स्टेअरिंगला हात लावलास ना रडार, तर ग्रुप नाही, मैत्री नाही, मी त्याच मिनिटाला ताईला फोन करेन. शप्पथ घेऊन सांगतो."