असुन्ताची पणती

"आधी खाऊन घे गं, कागद कुठं पळून जात नाहीत," असं म्हणत एदगार्दोनं बहिणीच्या ताटात भाजलेल्या बरगडीचा तुकडा टाकला आणि तो पुन्हा निखाऱ्यांकडे वळला.

नेलिदानं ताट बाजूला सरकवलं. इटलीच्या नागरिकत्वाच्या दाव्याचा रोमच्या कोर्टात बाजूनं निकाल लागला होता. एदगार्दोची दोन्ही घोडी झालेली पोरं "आम्ही इटालियन!" म्हणत अंगणभर नाचत होती. टेबलाच्या टोकाला, नेलिदाकडेच राहणारी, ऐंशी ओलांडलेली आई, देल्फिना, पावाचा मऊ भाग तेवढा वेचून खात होती.

खरं तर हा दिवस नेलिदाचा होता. गावच्या शाळेत स्वयंपाक करून उरलेल्या वेळात तिनं पणजीचा माग काढला होता. पणजी असुन्ता इटलीच्या पिएमोंते भागातल्या एका खेड्यातून जहाजात बसली ती नवऱ्याबरोबर. तो वाटेतच तापानं गेला आणि इथं सांता फेला उतरल्यावर तिनं धाकट्या दिराशी लग्न केलं. इथल्या पाद्र्यानं तिचं नाव स्पॅनिश वळणानं 'आसुन्सिओन' लिहिलं, आडनावही चुकवलं. कागदोपत्री एका बाईच्या दोन बाया झाल्या. त्या दोघींची पुन्हा एक करायला नेलिदानं कित्येक वर्षं चर्चचे आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते.

वारसा बाईकडून आलेला, तोही बाईला नागरिकत्व मुलांना देता येत नसे त्या जुन्या काळातला, म्हणून इटलीच्या कोर्टात दावा लावणं भाग होतं. ते एदगार्दोनं अंगावर घेतलं. राफाएला शहरातला एक वकील त्याच्या ओळखीचा होता. सही केलेल्या मुखत्यारपत्रासकट सगळी फाइल भावाच्या हाती देऊन नेलिदा निर्धास्त झाली. तिची एकुलती एक लेक रोमिना इटलीत, तोरिनोत होती, तिला नुकतीच मुलगी झाली होती. तिकडं जाऊन राहायचं, नातीला अंगाखांद्यावर खेळवायचं, एवढंच नेलिदाच्या मनात होतं.

"माझी प्रत दे ना," ती म्हणाली. "रोमिनाला फोटो पाठवते."

एदगार्दो निखारे उकरत राहिला. त्याची बायको ग्रासिएला सॅलडचा वाडगा आदळत म्हणाली, "अजून सांगितलं नाहीस तिला? मी नाही हं आता तोंड शिवून बसणार."

"काय सांगायचंय?"

"तुझं नाव दाव्यात नाहीये, नेली," एदगार्दो पाठमोराच बोलला.

"वकील विसरला?"

"मीच दिलं नाही."

"मग आता घाल."

"आता नाही घालता येत. मार्चमध्ये कायदा बदलला ना. आईबाप नाहीतर आजीआजोबा तिकडं जन्मलेले लागतात. पणजीवर नाही मिळत. ज्यांचे दावे आधी लागले होते, तेवढेच सुटले."

"तू सुटलास. तुझी पोरं सुटली."

"अगं, तू गेली असतीस तर आईला कोण बघणार होतं? माझं दुकान, हिची पाठ ही अशी..."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर थांबली असतीस?"

"थांबले असते रे," नेलिदा म्हणाली. "आई आहे तोवर थांबलेच असते. कागद तेवढा हाताशी हवा होता."

"त्याला काय बोलतेस?" आई टेबलाच्या टोकावरून म्हणाली. "मीच सांगितलं त्याला. कागद हातात आला की माणसाचा पाय घरात ठरत नाही. मला परक्याच्या हातून पाणी प्यायचं नव्हतं."

असुन्ताच्या सगळ्या गोष्टी नेलिदाला आईनंच सांगितल्या होत्या. फाइल बांधताना दोरीच्या गाठीवर बोट धरलं होतं, तेही आईनंच. तेव्हाच तिच्या मनात हे होतं का, असं विचारावंसं नेलिदाला वाटलं. तिनं विचारलं नाही. ती उठली आणि ग्रासिएलाला म्हणाली, "आईला इथंच राहू दे. रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर दे, दुधाबरोबर दिलीस तर उलटी होते. रात्री उठली तर दिवा लाव, घाबरते ती."

"अगं, पण किती दिवस?" ग्रासिएला तिच्या मागं धावली. नेलिदा बसथांब्याकडं चालू लागली होती.

संध्याकाळी रोमिनाचा फोन आला. मांडीवरची नात दाखवत तिनं विचारलं, "आई, झालं का गं?"

"नाही जमलं, बाळा. कायदा बदलला." नेलिदानं एवढंच सांगितलं.

आठवडाही झाला नसेल, एदगार्दोची गाडी दाराशी उभी राहिली. "आम्हाला नाही जमत, नेली. ती सारखी तुझंच नाव घेते," तो म्हणाला आणि आत यायला लागला. नेलिदानं त्याच्या हातून बॅग घेतली, आईला आधार देऊन आत आणलं आणि दार लावून घेतलं.

आईच्या अंगाला वास येत होता. नेलिदानं पाणी तापवलं, तिला न्हाणीघरात स्टुलावर बसवलं.

"राग गेला का गं, नेली?" आईनं हळूच विचारलं.

"हात वर करा," नेलिदा म्हणाली.

आई चमकून तिच्याकडं पाहत राहिली. नेलिदानं जन्मात कधी तिला अहो-जाहो केलं नव्हतं. मग आईनं निमूटपणे दोन्ही हात वर केले, आणि नेलिदानं तिचा स्वेटर, कानातल्या रिंगेत अडकू न देता, अलगद काढून घेतला.