रुपयाला तेरा शेर

मी वच्छलेच्या घरचं मापटं बोलतंय. पितळेचं, अर्ध्या शेराचं. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या या घरी ती नवरी होऊन आली, तेव्हा उंबऱ्यावर मलाच तांदळानं भरून ठेवलं होतं. तिनं मला इतकं जपून लवंडलं, की चारच दाणे सांडले. "साळंत शिकल्याली हाय, सांडंल कशाला?" सासू बजाबाई म्हणाली.

पुढं रोज सकाळी मी ज्वारीच्या मडक्यात जायचं आणि शीग घेऊन वर यायचं. काठावर दाण्यांची रास चढल्याशिवाय आमच्याकडं माप भरलं असं म्हणत नाहीत. कोपऱ्यावरचा चन्नप्पा वाणीही तसंच देई.

मग गिरणी बंद पडली. नवरा भीमा काम शोधायला बार्शीला गेला. जाताना हातावर एक रुपया ठेवून म्हणाला, महिनाभर भागीव. घरात सासू, अंगावर पितं पोर.

चन्नप्पाचा भाव रुपयाला बारा शेर. बाजारात एक नवा दुकानदार तेरा देत होता. वच्छलेनं भिंतीवर कोळशानं आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. स्वतःवर तिचा भरवसा बेताचाच. पण उत्तर तेच येई: एक शेर जास्त. तो शेर शेळीवाल्या केराबाईला देऊन पोराला दूध लावायचं तिनं ठरवलं, आणि दिलाही.

त्या दुकानात मात्र प्रत्येक मापावरून काठी फिरून शीग खाली पडत होती. वच्छलेनं शेर मोजले, पुरे तेरा. काठीकडं तिचं लक्षच नव्हतं.

घरी ती मला शिगेनंच भरत राहिली. भीमा यायला आठवडा असताना माझा काठ मडक्याच्या बुडाला घासला.

"भाव इचारलास, शीग इचारली न्हाईस की," बजाबाई म्हणाली.

"हिशेब बरोबर होता, आत्याबाई."

"मग त्योच रांध."

त्या दिवसापासून ती आपली भाकरी सासूला वाढते आणि मी आधीच जेवले म्हणते. तिचं दूध आटलं. दिलेला शेर फिटला, तसं केराबाईनंही दूध थांबवलं.

आज तिनं मला मोडीच्या दुकानात आणलंय. दुकानदारानं पितळेचा शेरामागं भाव चांगला सांगितला. ती हरखली नाही. "आधी रिकामी पारडी दाखवा," म्हणाली. त्यानं हसत वजनाच्या पारड्याखालची चिकटवलेली चिंच काढली.

वच्छले, आता सोड मला. पैसे मुठीत धर आणि थेट केराबाईकडं जा. वाटेत हिशेब करत उभी राहू नकोस. खांद्यावरचं पोर मघापासून गप्प आहे.