पाठमोरी

चित्रकाराने सातवा कागदही फाडला आणि पेन्सिल टेबलावर आपटली.

"परत मावशीच आली," लेक तुकडे जुळवून बघत म्हणाली. "नाक तर हुबेहूब मावशीचं."

बायकोला जाऊन तीन महिने झाले होते. तिला फोटोचा तिटकारा. होता तो एकच, ओळखपत्रावरचा, त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसत होती. म्हणून लेकीने हट्ट धरला, भिंतीवर लावायला आईचं चित्र बाबांनीच काढायचं. पण चेहरा काही केल्या जमेना. डोळे मिटले की ती दिसे, कागदाकडे वळला की नाहीशी होई. आपण तिला विसरत चाललोय, या भीतीने त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

तसं पाहिलं तर ती त्याच्या चारशे चित्रांत होती. निसर्गचित्रं म्हणजे त्याचा जीव की प्राण, आणि चित्रात माणूस नसला तर डोंगर केवढा ते कळत नाही, हा त्याचा हेका. दर रविवारी तिला लांब उभं करून तो ओरडायचा, "पाठ कर! डोंगराकडे बघ!" मग बारकावे गळून पडावेत म्हणून डोळे किलकिले करून काढायला बसायचा. ती नखाएवढी उतरायची. तेवढ्या आकृतीला तोंड काय नि पाठ काय. "दुरून डोंगर साजरे, तशी बायकोही दुरूनच साजरी," परत आल्यावर ती म्हणायची. तो हसायचासुद्धा नाही. रंग वाळायच्या आत त्याला आभाळ पुरं करायचं असे.

लेक जमिनीवर ती चित्रं पसरून बसली.

"बाबा, आई पिशवी कुठल्या खांद्याला लावायची?"

"उजव्या. डावा दुखायचा तिचा."

"मग पाठमोरी असली तर पिशवी आपल्याला उजवीकडे दिसायला हवी ना?"

त्याने चष्मा लावला. पूल, टेकडी, तळं, बंदर. पिशवी डावीकडे होती. सगळीकडे. हाताने दिसलं तसं इमानाने उतरवलं होतं, त्याच्या मात्र कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"डोंगर बघितलाच नाही तिने," लेक म्हणाली. "तुमच्याकडे बघत होती."

"कधी ऐकलंय तिने माझं!" तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

लेक पाणी आणायला आत गेली. त्याने नवा कागद घेतला. या वेळी चेहऱ्याच्या वाटेला गेला नाही. बायको उभी असायची त्या पुलावरून दिसेल तसा नदीचा काठ काढला, काठावर घडीचं स्टूल, स्टुलावर एवढासा माणूस.

लेक परतली तेव्हा तो त्या माणसाची मान खोडत होता. वर बघणारी मान तीनदा काढून झाली, तिन्ही वेळा खोटी वाटली. शेवटी त्याने ती कागदावर वाकलेलीच काढली, बायकोला दिसायची तशी.