रेघांच्या बाहेरचे ठिपके

"दोन्ही डोळे उघडे ठेव गं. एक मिटलास की लवकर थकशील."

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई मागे उभ्या राहून म्हणाल्या होत्या. तेव्हा वहिनी कुणाचीच वहिनी नव्हती. मायक्रोस्कोपखाली कांद्याचा पापुद्रा होता, आणि त्यात विटेला वीट लावावी तशा पेशी रचलेल्या. घरी जाताना तिला झाडं, भिंती, माणसं, सगळंच वरवरचं वाटलं होतं. आत काहीतरी बांधलेलं आहे आणि ते आपण पाहून आलोय, एवढंच मनात नाचत होतं. पुढे लग्न झालं आणि ते नाचणं फडताळात मागे जाऊन बसलं, पाहुण्यांच्या कपबश्यांच्याही मागे.

मग नणंदेला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राला प्रवेश मिळाला. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी एकटी नको जायला. हिचंही नाव घाला, सोबत होईल." नवऱ्यानं मान हलवली. वहिनी नुसतं "बरं" म्हणाली. इतकं हळू म्हणाली, की त्यातला आनंद कुणाच्या कानावर गेला नाही. हवंय म्हटलं असतं तर दहा प्रश्न आले असते. गप्प राहिली म्हणून पदरात पडलं.

नणंदेला घरात चिमणी म्हणत, वर्गातही तेच नाव रुजलं, आणि चिमणीची वहिनी ती सगळ्या वर्गाचीच वहिनी झाली. लेक्चरला चिमणी पहिल्या बाकावर बसून टपाटप उत्तरं द्यायची. पण लॅबमध्ये राज्य वहिनीचं. बर्नरच्या निळ्या ज्योतीत लूपची, म्हणजे टोकाला कडं असलेली, तार लालबुंद करायची, ती निवेपर्यंत धीर धरायचा, तिच्यावर जिवाणू घ्यायचे, जेली ओतलेल्या काचेच्या प्लेटचं झाकण बोटभर उचलायचं, आणि जेलीवर अशा हलक्या रेघा ओढायच्या की जेलीला कळूही नये. दोन दिवसांनी त्याच रेघांवर जिवाणूंच्या गुलाबी वसाहती उगवायच्या, आधी दाट, मग विरळ, शेवटी एकेक मणी सुटा. पोळपाटापुढे रोज उभी राहणारी बाई इथेही उभीच असायची, पण इथे तिला पाय दुखतायत हे आठवायचं नाही.

चिमणीला मात्र धीर नव्हता. त्या दिवशी रेघा ओढायची पाळी तिची. तार अजून तापलेली, झाकण उचललेलं, आणि या बाईसाहेबांनी चहावर घालावी तशी फूं करून फुंकर घातली.

"अगं, उघड्या प्लेटवर फुंकतेस काय! तोंडातलं सगळं पडलं ना त्यात!"

"गप गं वहिनी. कोण बघतंय?"

दोन दिवसांनी सगळ्यांनी बघितलं. गुलाबी रेघांच्या आजूबाजूला पांढरे, पिवळे ठिपके शिंपडल्यासारखे पसरले होते. लॅबच्या मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरली.

"रेघांवर नाहीत, रेघांच्या बाहेर आहेत. म्हणजे वरून पडलेत. उघड्या प्लेटवर कुणीतरी फुंकलंय. या टेबलावरची नासलेली ही तिसरी प्लेट. मी मागच्याच वेळी बजावलं होतं, आता जी चुकेल तिला पुढच्या आठवड्यात परीक्षेला बसू देणार नाही. कोण तुमच्यातलं?"

टेबलाखाली चिमणीनं वहिनीचा हात घट्ट धरला आणि कुजबुजली, "तू हो म्हण ना. प्लीज. माझं अख्खं वर्ष जाईल गं. तुझं काय जातंय? तू तर सोबतीलाच येतेस."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. धाकट्या नणंदेला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, हे इतकी वर्षं अंगात मुरलेलं. मॅडमनी दोघींकडे पाहिलं. चिमणीनं खाली घातलेली मान त्यांना दिसली नाही. वहिनीचा पेटलेला चेहरा तेवढा दिसला.

"वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. परीक्षेच्या दिवशी तुम्ही बाहेर."

मागून कुणीतरी खुसखुसलं, "वहिनींनी फोडणीवर फुंकर घातली वाटतं!"

वाटेत चिमणी आर्जवं करत राहिली. "रागावलीस? बोल ना. मी तुला नवी ओढणी घेऊन देईन हं." वहिनी ताडताड चालत होती. ओढणी! हिला वाटतंय, माझं ओढणीवर भागेल. त्या रेघा माझ्या, तो धीर माझा, तापल्या तारेनं भाजलेलं बोट माझं. आणि परीक्षेच्या दिवशी दाराबाहेर बसायचं तेही मीच. चिमणीपेक्षा तिला स्वतःचाच संताप येत होता. जीभ काय तोंडात शोभेला ठेवलीय?

घरात शिरल्या शिरल्या चिमणीनं आईला सांगून टाकलं, अर्थात तिला सोयीचं तेवढंच. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"बरंच झालं म्हणायचं. चिमणी आता रुळलीय. उद्यापासून जाऊ नकोस तू. घरची कामं खोळंबतात."

"हो ना," चिमणी म्हणाली, "वहिनीला उगीच दगदग."

वहिनीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"प्लेटवर मी फुंकले नाही. चिमणी फुंकली. आधीच्या दोन्ही प्लेटा तिनंच नासवल्या."

चिमणीचा चेहरा पडला. "वहिनी!"

सासूबाईंचे हात थांबले. "मग तिथेच का नाही बोललीस?"

"तिची लाज राखली. माझी राखायला कुणी आलं नाही."

"एवढं काय आकाश कोसळलं? तिचं शिक्षण आहे ते. तू आपली सोबतीला..."

"मी सोबतीला कधीच गेले नाही, आई." आवाज चढला, तिनं तो उतरू दिला नाही. "पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी जातेय. मला शिकायचंय. लग्नाच्या आधीपासून शिकायचं होतं, तुम्ही कुणी विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. आता सांगतेय. उद्या मॅडमना खरं काय ते सांगणार, आणि परीक्षेला मी बसणार. चिमणी आली तर बरोबर नेईन. नाहीतर एकटी जाईन."