उलटटपाली कुंकू

रोहिणखेडला सईदभाईच्या बियाण्याच्या दुकानात मुंबईच्या एका संस्थेचं देणगी मागणारं छापील पत्र आलं. गावोगावच्या व्यापाऱ्यांना तेच गेलं होतं. सईदभाईनं ते दुकानात आलेल्या छायाच्या हाती दिलं. "भाभी, हा फोटू तुमचाच हाय ना?"

फोटो तिचाच होता. दिवाळीनंतर ती कापूस वेचत असताना संस्थेच्या बाईनं काढलेला. घाम पुसता पुसता कपाळावरचं कुंकू पदराला गेलं होतं. कपाळ मोकळं म्हणजे नवरा नाही, एवढीच त्या बाईची अक्कल! खाली छापलं होतं: 'बीटी कपाशी बुडाली, पतीने जीव दिला. या अभागी विधवेला आधार द्या.'

आणि तो पती, इंद्रभान, दुकानाच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

"जाऊ दे ना," तो हसत म्हणाला. "चार पैसे येतीन लोकायचे."

"काऊन जाऊ देऊ?" छाया कडाडली. "बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तुमाले तं नाही ना खाल्लं? मदत लागली तं मी ताठ उभी राहून मांगीन, तुमाले मारून नाही!"

पत्रासोबत देणगी पाठवायला तिकीट न लावता परत धाडायचं, संस्थेचा पत्ता छापलेलं पाकीट होतं. घरी जाऊन छायानं चिमूटभर कुंकू पुडीत बांधून त्यात घातलं आणि पत्राच्या पाठीवर लिहिलं:

'नवरा जिता हाय. हे कुंकू माह्या फोटोले लावा, मंगच लोकायपुढं हात पसरा.'

मग ते पाकीट पोस्टात टाकायला तिनं त्या मेलेल्या नवऱ्यालाच धाडलं.