बावीस वर्षं एका दमात

आधीच सांगून टाकते, मी आळशी नाही. सुरतेत आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत कोणालाही विचारा. पहाटे पाणी येतं तेव्हा नळाखाली पहिली बादली माझी असते. सासू, नवरा, मुलगा, तिघांचं सगळं आटपून मी घरी बसून दिवसाला पंचवीस साड्यांना लेस लावते. तरी त्या मेल्या जिमचं गणित मला सात महिने जमलं नाही.

आणि बारीक व्हायला मी गेलेच नव्हते. मी गेले कानबाईसाठी.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खान्देशी लोकांकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला डोळे, नथ, खण, दागिने. सोमवारी घरच्या बाईने चौरंगासकट तिला डोक्यावर घ्यायचं आणि वाजतगाजत पाण्यावर न्यायचं. चौरंग सागवानी, वर कलश आणि फुलोरा, म्हणजे पंधरा किलो कुठे गेले नाहीत. आमच्या दारापासून तलाव दीड किलोमीटर. माझ्या सासूबाईंनी, उषाबाईंनी, ही देवी बावीस वर्षं एका दमात नेली, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तेच ऐकते आहे. डोळ्यांनी मात्र कधी पाहिलं नव्हतं. कारण सोमवारी सगळे नाचत निघाले, की परत येणाऱ्या चाळीस माणसांचा स्वयंपाक कोणाच्या गळ्यात? माझ्या!

गेल्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी ओझं उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही म्हणून बजावलेलं. त्या घरी राहिल्या आणि देवी माझ्या डोक्यावर आली. मी म्हटलं, सासूने बावीस वर्षं नेली, मी एक वर्ष नाही नेणार? पदर खोचला आणि सुसाट सुटले. दारादारात बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या. मी सगळ्यांना "नंतर, नंतर" म्हणत पुढे. पाण्याच्या टाकीपर्यंत पोचले आणि पाय असे लटपटले की बोलायची सोय नाही. माझी थोरली जाऊ मालतीबाई भेस्तानहून आली होती. तिने चटकन चौरंग स्वतःच्या डोक्यावर घेतला, आणि वर सगळ्यांदेखत म्हणाली, "जयश्री, तू आपला मोबाईल उचल. तेवढंच झेपेल तुला."

मी तलावापर्यंत रडत गेले. खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर मालतीबाईने डाव टाकला. "आई, माझं घर तळमजल्यावर, हॉल मोठा. देवी भेस्तानला आणू या." सासूबाईंनी आधी देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "यंदा राहू दे. पुढच्या सालीही जयश्रीच्या डोक्यावर देवी टिकली नाही, तर घेऊन जा."

देवी या घरातून जाणार, आणि कोणामुळे? माझ्यामुळे! त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

म्हणून जानेवारीत मी जिम लावली. आमच्याच रस्त्यावर, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर, बायकांची बॅच दुपारी चार ते पाच. शिकवायला किरण नावाची गुजराती मुलगी, काडीसारखी, पण ताकद बैलाची. तिला मी सांगितलं, मला डोक्यावर पंधरा किलो घेऊन दीड किलोमीटर चालायचंय. ती म्हणाली, "दीदी, ऐसा तो कोई मशीन नहीं आता." पण तिने उठाबशा, डंबेल, पाठीचे व्यायाम असं सगळं कागदावर लिहून दिलं. आठवड्याचे पाच दिवस, आणि प्रत्येक सेटनंतर एक मिनिट आराम.

तो आराम माझ्या डोक्यातच शिरेना. घरी साड्यांचा गठ्ठा पडलेला, आणि मी इथे पंख्याखाली बसू? किरण ओरडायची, "दीदी, बेसो ने एक मिनिट!" मी कसली बसते! त्या मिनिटात मी चेतनला, म्हणजे माझ्या मुलाला, फोन लावायची. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या? दूध वर आलं का? नाहीतर सरळ पुढच्या वीस उठाबशा काढायची. सोमवार, मंगळवार, बुधवार अशी झुंजायची, आणि गुरुवारी भाकरी थापायला खाली बसले की उठायला मला दोन माणसं लागायची. मग जिम बुडाली. एकदा बुडाली की मला स्वतःचाच राग येई. आता कसली जाते, तोंड दाखवायला? असं म्हटलं की गेला तो आठवडा!

बरं, बुडवायला कारणं शोधावी लागत नव्हती, तीच दार वाजवत यायची. नवरा गजेंद्र पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळीच्या आठवड्यात चार वाजता तो उठणार, त्याला चहा हवा, पाचला जेवण हवं, सहाला डबा. दिवसपाळीच्या आठवड्यात नेमका चारलाच साड्यांचा टेम्पो यायचा. आणि लग्नसराईत तर विचारूच नका. खान्देशात कोणाच्या घरी लग्न ठरलं की बस्त्याला सुरत, आणि सुरत म्हणजे आमचं घर! मे महिन्यात धरणगावचे भटूमामा अकरा माणसं घेऊन उतरले. मी बूट घालून दारात उभी, आणि मामा म्हणतात, "अरे वा, जयश्री स्टेशनावर घ्यायलाच निघाली होती!" बूट काढले आणि कणीक मळायला घेतली.

सासूबाई खाटेवरून सगळं बघायच्या. "पैसे दीसन घाम काढतंस," म्हणायच्या. "गिरणीतून दळण डोक्यावर आण, झाली तुन्ही जिम." मी एकदा चिडून विचारलं, "आई, तुम्ही बावीस वर्षं एका दमात कशी नेली ते तरी सांगा." त्या जपमाळ शोधायला लागल्या. जपमाळ त्यांच्या हातातच होती. मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

श्रावण लागला तेव्हा माझे सात महिन्यांतले जिमचे दिवस भरले एकूण एकोणपन्नास. गच्चीवर मी डोक्यावर पाट, त्यावर तांदळाची गोणी ठेवून चालायची सवय केली. अर्धा तास एका दमात जमेना म्हणजे जमेना. वीस मिनिटं झाली की मान दगड व्हायची. गजेंद्र म्हणाला, "अगं, मधे जरा टेकव ना." मी त्याच्यावरच खेकसले. "तुझ्या आईने टेकवली होती?" बिचारा खाली निघून गेला.

रविवारी देवी बसली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, त्याचे रोट, पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. रोट भाऊबंदांतच खायचे आणि संपवायचेच. किरणने लिहून दिलेला आहाराचा कागद मी देव्हाऱ्यामागे सरकवला आणि चार रोट खाल्ले. देवीपुढे कसला आलाय डाएट!

सोमवारी सकाळी ढोल-ताशे दारात. यंदा सासूबाईही चालणार होत्या, हातात काठी घेऊन. मालतीबाई नवी कोरी साडी नेसून बरोबर माझ्या उजव्या हाताला उभी. तिच्या पदराला आधीच गाठ मारलेली होती, ओझं घ्यायला मोकळी. मी देवीला म्हटलं, माय, तुला भेस्तान आवडत असेल तर तसं सांग, पण मला पाडून सांगू नकोस. आणि चौरंग डोक्यावर घेतला.

पहिली पाच मिनिटं मी राणीसारखी चालले. किरण जिमच्या जिन्यात उभी होती, तिने दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. पुढे बायका फुगड्या घालत होत्या, ताशा अंगात शिरत होता. दारांत आरत्यांची ताटं दिसत होती, आणि मी गेल्या वर्षीसारखीच म्हणत होते, "नंतर, नंतर." थांबले तर संपले, एवढंच डोक्यात.

पाण्याची टाकी दिसली आणि मांड्या थरथरायला लागल्या. तीच जागा! मानेतून कळ निघाली, डोळ्यांपुढे पिवळं झालं. मालतीबाई कानाशी आली. "दे इकडे. उगाच देवीला पाडशील." तिचे हात चौरंगाला लागलेसुद्धा. मी दात आवळून म्हटलं, "हात काढा, ताई." पण माझ्या आवाजात काही दम नव्हता, आणि ते तिलाही कळलं होतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. सासूबाई गर्दीतून पुढे घुसल्या आणि माझं कोपर घट्ट धरलं. समोर मंगलाबाईंचं घर. त्या सासूबाईंच्या वयाच्या, दरवर्षी ओट्यावर पाण्याचा तांब्या आणि ताट घेऊन उभ्या असतात. गेल्या वर्षी मी त्यांच्यासमोरूनच पळाले होते.

"मंगला!" सासूबाई ओरडल्या. ढोलवालेसुद्धा थांबले. "पाट टाक वं. मन्हा नेहमीना पाट!"

नेहमीचा पाट!

मला वाटलं, थकव्याने कान वाजताहेत. पण मंगलाबाई हसत आत गेल्या आणि जुना, कडेने झिजलेला पाट आणून त्यांनी ओट्यावर मांडला. "उषा, मागच्या सालीही मांडला होता गं. तुझी सून थांबलीच नाही," त्या म्हणाल्या.

गजेंद्रने आणि मी मिळून चौरंग पाटावर ठेवला. मंगलाबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं. ते थंडगार पाणी पायांवर पडलं आणि मला रडूच फुटलं. सासूबाई सगळ्या गल्लीदेखत म्हणाल्या, "एक दममा मी कव्हय नेई वं? इथे एक थांबा, पुढे शाळेपाशी एक, वडाखाली एक. देवीलाही ओवाळून घ्यायचं असतं. दुसरीच्या डोक्यावर कधी दिली नाही, म्हणून लोक म्हणत गेले, बावीस वर्षं एका दमात. मला बरं वाटलं. मी गप राहिले."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. बावीस वर्षांचा मान होता तो. डिंडोलीत त्यांची सगळी ऐट त्यावर उभी होती, आणि ती त्यांनी माझ्यासाठी भर रस्त्यात उतरवून ठेवली. मला त्यांचा रागही आला, सात महिने मला जिमला पळवलं, गोणी घेऊन गच्चीवर फिरवलं म्हणून. आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटली. मी मिठी मारली. राग नंतर काढता येतो.

मग मी वळून मालतीबाईकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला माहीत होतं ना?" ती तर दरवर्षी मिरवणुकीत असायची. तिने पदराची गाठ सोडायला घेतली. "अगं, मला कोणी विचारलंच नाही," ती पुटपुटली. तोवर मंगलाबाईंनी तिच्या हातात तांब्या दिला. "उभी का? धाकट्या जावेच्या पायांवर तूही घाल पाणी." बायका खो-खो हसल्या. मालतीबाईने पाणी घातलं, आणि तिलाही शेवटी हसू आलं.

पाच मिनिटांनी मी चौरंग उचलला. अहो, काय सांगू! ओझं तेवढंच होतं, पण मान माझी होती. शाळेपाशी टेकवला, वडाखाली टेकवला, दारादारात ओवाळून घेतलं. तलावावर पोचले तेव्हा देवी माझ्याच डोक्यावर होती, आणि वर फुगडी घालायला माझ्यात दम शिल्लक होता. फुगडी मी मालतीबाईबरोबरच घातली. ती दमली आधी, हे मी मुद्दाम सांगते आहे.

मंगळवारी मी जिमला गेले. पहिला सेट झाला आणि पंख्याखाली बसले, पूर्ण एक मिनिट, फोन पिशवीतच ठेवून. किरणने येऊन माझं कपाळ तपासलं, म्हणाली, "दीदी, तबियत तो ठीक है ना?"

बुधवारी दुपारी भटूमामा परत दारात. लग्न आता दिवाळीनंतरवर गेलेलं, नवरीच्या दोन साड्या बदलायच्या होत्या, बरोबर सात माणसं. झालं, बुडाली जिम. गुरुवारी चार वाजले तरी मी लेस लावत बसले होते. म्हटलं, तुटला तो तुटला, आता सोमवारपासून बघू. सासूबाई खाटेवरून उठल्या, कोपऱ्यातले माझे बूट काठीने पुढे ढकलले.

"काल टेकवं व्हतं ना?" त्या म्हणाल्या. "मंग आज उचल."