एक लहान पेला

मित्रांनो, मी एक जुना ज्यूसर आहे. सध्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर, बंद पडलेला पंखा आणि पाहुण्यांच्या गाद्या यांच्यामध्ये माझा मुक्काम आहे. इथे ऊन नाही, वारा नाही आणि कौतुक तर औषधालाही नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात मोटर, वर दातेरी जाळी, एका अंगाला रसाची तोटी, दुसऱ्या अंगाला चोथ्याचं भांडं. खोक्यात माझ्यासोबत एक पुस्तिका होती. गाजराने दृष्टी सुधारते, बीटाने रक्त वाढतं, पालकाने ताकद येते, काकडीने पोट थंड राहतं, संत्र्याने कांती उजळते. ती नीट वाचली तर माणसाला मरायला काही कारणच उरत नव्हतं.

मला ज्या घरी आणलं, तिथले बाबा बस चालवून निवृत्त झाले होते. त्यांना मधुमेह होता. खिडकीजवळच्या खुर्चीत ते दिवसभर बसायचे.

"जन्मभर माणसं माझ्या पाठीमागे बसली," ते म्हणायचे. "समोर बसून कुणी चार शब्द बोललं नाही."

"मग मी कोण होते?" आई कांदा चिरता चिरता विचारायची.

"तू कंडक्टर. सारखी सुटे मागायचीस."

मला आणल्याचं डॉक्टरांना कळलं तेव्हा ते फारसे खूश झाले नाहीत. "फळं चावून खा," ते म्हणाले. "रसात साखर उतरते आणि चोथा मागे राहतो. मग साखरेला अडवणार कोण? अगदीच हौस असेल तर भाज्यांचा रस घ्या. एक लहान पेला. दिवसातून एकदाच."

घरच्यांनी हे अक्षरशः पाळलं. प्रत्येकाने पाळलं.

थोरली लेक सकाळी कामावर जाताना यायची. आई तेव्हा फिरायला गेलेली असे. लेक गाजर, बीट आणि 'कडू लागू नये म्हणून' एक सफरचंद माझ्यात घालायची. दुपारी आईचा डोळा लागला की धाकटा दुकान बंद करून यायचा. त्याचा भर संत्र्यांवर. संध्याकाळी आई उठून पालक घ्यायची आणि त्याच्या जोडीला भरपूर अननस. प्रत्येक जण मला धुऊन, पुसून जागेवर ठेवायचा. इतकं स्वच्छ घर मी दुसरं पाहिलं नाही.

"अहो, आज रस घेतलात का?" आई विचारायची.

"कुठला? कुणी विचारलं तर ना," असं म्हणून बाबा खिडकीबाहेर बघायचे.

मित्रांनो, त्यांना रसाची चटक नव्हती. बीट तर त्यांना मुळीच आवडत नसे. पण रस ताजा प्यायचा आणि घोट घोट प्यायचा, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. पेला परत न्यायचा, म्हणून देणाऱ्याला समोर स्टुलावर बसावं लागे. बसल्यावर बोलावं लागे. लेक साहेबाच्या तक्रारी सांगायची, धाकटा गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, आई शेजारणीची उणीदुणी काढायची. बाबा अर्धा घोट घेऊन पेला खाली ठेवायचे. "मग पुढे काय झालं?" विचारायचे. बस त्यांनी कधी इतकी हळू चालवली नसेल.

मग एके दिवशी ते खुर्चीतच कलंडले. साखर भलतीच वाढली होती. दवाखान्यातून कपडे न्यायला तिघं घरी आली आणि ओट्यापाशी थांबली.

"डॉक्टर मलाच विचारत होते, रस किती देता म्हणून," लेक म्हणाली. "मी सांगितलं, एकच देते, सकाळी."

"ताई, सकाळी कशाला? मी दुपारी देतो ना!"

आईने हातातली पिशवी पाठीमागे घेतली. तिच्यात अननस होता.

बाबा सुखरूप घरी आले. मला त्याच दिवशी माळ्यावर चढवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. डॉक्टर बरोबरच बोलले होते. पण माझ्याबरोबर स्टूलही वर आलं, कारण खोलीत ते आता पायात यायचं.

लेक दारातूनच विचारायची, "बाबा, साखर किती?" आकडा ऐकला की चप्पल न काढताच निघायची. धाकटा फोनवर विचारायचा. आई औषधाची गोळी हातावर ठेवून गॅसकडे पळायची. बाबा तिला म्हणाले, "साधं पाणीच दे, पण त्या लहान पेल्यातून दे."

"पुरे आता लाड," आई म्हणाली. "एवढ्याने घसा तरी ओला होईल का?" तिने मोठा तांब्या भरून जवळ ठेवला, म्हणजे सारखं उठायला नको.

थंडी संपता संपता बाबा झोपेतच गेले. भेटायला आलेल्यांना धाकटा सांगत होता, "आदल्या दिवशीची साखर अगदी नॉर्मल होती हो." सगळ्यांनी समाधानाने मान हलवली.

मित्रांनो, फळं चावून खा, भाज्या भरपूर खा, डॉक्टरांचं ऐका. घरी ज्यूसर असेल तर जाळी लगेच धुवा, वाळलेला चोथा फार जाचतो. आणि घरात कुणी आजारी असेल, तर त्याच्यासमोर रोज थोडा वेळ बसा. रिकाम्या हाताने बसलात तरी चालेल.